खरी नक्कल

वय शेहेचाळीस, आणि पत्रात लिहिलंय : नवोदित.
दोनदा वाचलं. बसूच्या झेरॉक्सवर
मोठं करून घेतलं. तरी नवोदितच.

बेळगावच्या कोर्टासमोर, बाँड-रायटरांच्या ओळीत
शेवटचं टेबल माझं. सव्वा वर्ष झालं.
कन्नडचं मराठी, मराठीचं कन्नड,
शब्दाला ऐंशी पैसे.
इकडं पहाणी म्हणतात, पलीकडं सातबाराचा उतारा,
बांध तोच.
आमच्या तकरारीला त्यांच्याकडं
शेवटी फक्त एक उकार लागतो : तकरारु.
त्या उकाराचेही पैसे मिळतात.

साहेब नाही मला, हजेरी नाही,
रजा नाही म्हणून रजेचा अर्जही नाही.
दोन दिवस टेबल मिटलं
की गिऱ्हाईक येळ्ळूरच्या पोराकडं जातं.
नागपुरात अनुवादकांची परिषद आहे,
धंद्यात नवीन आलेल्यांना जाण्यायेण्याचं भाडं देतात,
हे कळल्यावर आधी
बुडणाऱ्या कागदांचा हिशेब केला.

अर्जात विचारलेलं : आपण का यावं? तीनशे शब्दांत.
म्हणजे दोनशे चाळीस रुपयांचं काम, फुकट,
वर गिऱ्हाईक मीच.
लोकांच्या चतुःसीमा मी बोलता बोलता लिहिते,
पूर्वेस ओढा, दक्षिणेस भाऊबंद.
माझ्या चार बाजूंना काय आहे
ते लिहायला अख्खा रविवार गेला,
पश्चिम कोरीच राहिली.

पुढं : व्यवसायातील ज्येष्ठांचं शिफारसपत्र.
ज्येष्ठ कोण? चौथ्या टेबलावरचे हुक्केरीमामा.
भाषांतर करत नाहीत, स्टँप विकतात.
पण 'सदरहू' कुठं घ्यायचं आणि कुठं गिळायचं
ते त्यांनीच शिकवलं, चहाच्या बोलीवर.
मामांनी कन्नडमध्ये लिहिलं, पाठकोऱ्या कागदावर,
पाच ओळी, खाली तारीख, वेळ, हवामानसुद्धा.

नागपूरकरांची अट : मराठी भाषांतर जोडावं.
आता ते करणार कोण.

बसले. मामांनी लिहिलेलं,
ही बाई बहळ प्रामाणिक आहे.
प्रामाणिक दोन्हीकडं सारखंच, ते उचलून ठेवलं.
बहळ म्हणजे फार. साधा शब्द.
पेन तिथं आलं आणि बाजूनं निघून गेलं.
खाली नेहमीचा शिक्का मारला :
मुळाबरहुकूम, खरी नक्कल.

मामांनी बोट ठेवून ठेवून वाचलं.
मराठी ते तसंच वाचतात, पैसे मोजल्यासारखं.
"बहळ कुठं गेलं गं?"
नजरचूक झाली म्हटलं.
"नजरचूक न्हवं, तंगी, लाज.
लाजेचं कोण पैसे देत नाही. घाल."
मग हंसपद काढून, ओळीच्या डोक्यावर,
तिरकं, दाटीवाटीनं : फार.
शेजारी खाडाखोडीची छोटी सही.
तसंच पाठवलं.

मिळालं. स्लीपरचं भाडं, दोन रात्री, जेवण.
पावत्या मूळ प्रतीत जोडाव्यात.
रिक्षावाल्यानं पावती म्हणून
सिगारेटच्या पाकिटावर एकशे दहा लिहून दिले.
कुंद्याचा डबा माझ्या खर्चानं.
मामा म्हणाले होगि बा, मी म्हटलं येते.
जाताना येते म्हणायचं,
हे भाषांतराला दिलं तर कोण कसं करेल
या विचारात पुण्यात गाडी बदलायची राहत होती.

नागपुरात छातीवर चिठ्ठी, नावाखाली गाव.
"अरे, सीमाभागातून!" म्हणत
हात जरा जास्तच वेळ धरत होते,
लढाईवरून आल्यासारखा.
मी तिसऱ्या गेटाजवळून आले होते. 
फाटक पडलं होतं, एवढंच.
बाकी मान दुखते, चष्म्याचा नंबर, बुडालेली बिलं,
सगळ्यांचं एकच बोलणं.
इतक्या जणांना साहेब नाही
हे मला माहीतच नव्हतं.

परत आले तर टेबलावर
येळ्ळूरचं पोर बसलेलं. उठलं.
तीन कागद पुढं केले : "तुमचं गिऱ्हाईक. थांबा म्हटलो मी."
मग बराच वेळ गेला नाही.
"काकी, त्यो फारम… माझं आठच महिने झालेत."

बसूकडून एक झेरॉक्स काढली.
दोन रुपये त्याच्याकडूनच घेतले.
आणि ज्येष्ठांच्या रकान्यावर
त्यानं बोट ठेवलं तेव्हा
मी उगीच मागं वळून बघितलं.