चावी

दिघा विभाग कार्यालय, दुसरा मजला.
संगणक विभागाचा तन्वेश सोमवारी आला,
आमचे एकोणीस फोन मागून घेतले,
म्हणाला, आजपासून कामाचे निरोप इथून.
परिपत्रक आहे.

याचा कोड उघडा आहे, म्हणाला,
जगात कुणीही वाचावा, चूक काढावी.
निरोप मात्र ज्याचा त्याला.
मी आवक नोंदवहीवर हात ठेवून ऐकत होते.
आमच्याकडे आजवर उलटं:
नियम कपाटात,
पत्रं चव्हाट्यावर.

पदाजी मढवी मागे उभे. चावीवाले.
खांद्यावरची लोखंडी चावी ते ऑफिसातही उतरवत नाहीत.
ईश्वरनगरला किती आटे, चिंचपाड्याला किती,
हे कुठल्याच फायलीत नाही, त्यांच्या मनगटात आहे.
फोनवर अक्षरं आली:
ही तुमची चावी. जपून ठेवा.
"आता यालापन चावी?"
मग जरा थांबून,
"सायबांनी मागितली तर?"
"नाही द्यायची."
तन्वेश तेविशीचा असेल. सहज बोलून गेला.
पंख्याचा आवाज तेवढा राहिला खोलीत.

जुना ग्रुप काढून टाका, म्हणाला.
मी वर सरकवत गेले.
सुप्रभात. केक. भावपूर्ण श्रद्धांजली. केक.
तुर्भ्याला पाइप फुटला.
आणि मे महिन्यात, माझ्याच नावाने,
एक फोटो:
इंदुबाई केंगार, अर्ज, आवक क्रमांक ११४३,
चोरून जोडणी घेणाऱ्याचं नाव, पत्ता,
खाली तिचा निळा अंगठा.
"कार्यवाहीस्तव," असं लिहिलं होतं मी.

कार्यवाही झाली.
अंधार पडायच्या आत तो तिच्या दारात होता.
पिंप फोडलं म्हणतात.
फाइलवर माझंच अक्षर आहे:
तक्रारदार संपर्कात नाही, सबब प्रकरण बंद.

एकोणीस जणांत कुणी पुढे पाठवलं,
कधीच विचारलं नाही. विचारलं असतं
तर पहिलं बोट माझंच निघालं असतं.

चार वाजता पदाजी निघाले.
नव्या ठिकाणी पहिला निरोप मी त्यांना लिहिला.
शुभेच्छा नाहीत, फूल नाही.
केंगारबाईंच्या गल्लीत पाणी चढतं का,
बघून कळवा. फक्त मला.

चार एकेचाळीसला उत्तर आलं,
वाटेत कुणीही न वाचलेलं:

पानी आलंय.
दाराला कुलूप हाय.