आठ आण्यांचा करंट

विट्याच्या कोर्टात पुन्हा सतरा तारीख पडली
तेव्हा चार वाजून गेले होते.
साहेब रजेवर, वकील दुसऱ्याच कुणाच्या कामात,
आणि मी सकाळी घाईत चावी चालूच ठेवून आत गेलेला.
धुक्यातून येताना लावलेला हेडलाइट
दिवसभर लिंबाच्या बुंध्याकडे बघत बसला होता.

सेल्फ दाबला.
टक्.
पुन्हा दाबला. टक्-सुद्धा नाही.
किक गेल्या शिमग्यात मोडली, ती अजून मोडलेलीच.
मग सेकंड टाकून, क्लच धरून, ढकलत पळालो,
स्टॅम्पवाल्याच्या टपरीपर्यंत एकदा,
झेरॉक्सपर्यंत दोनदा.
अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस पळतो तसा पळालो.
मागचं चाक घसटलं, बास.

हिंदुराव बघत होता.
हिंदुराव माझा चुलतभाऊ, दाव्यात प्रतिवादी नंबर एक.
विहीर एक, मोटार एक, मीटर एक,
उताऱ्यावर आठ आणे त्याचे, आठ आणे माझे,
आणि अकरा वर्षं आम्ही बोललो
ते वकिलांच्या तोंडून.

"ढकलून न्हाई व्हायची. बॅटरी बसलीया."
हे त्यानं मला नाही, गाडीला सांगितलं.

दावणीला बैल आणावा तशी
त्यानं आपली गाडी माझ्या गाडीशेजारी आणली.
सीट काढलं. पिशवीत हात घातला,
वायरीचं भेंडोळं काढलं.

मोटारीची वायर. लाल, पिवळी, निळी.
मधे एक जोड, जोडाला हिरवी पट्टी,
वर नायलॉनच्या दोऱ्याची गाठ.
मी डावरा. माझी गाठ उलटी बसते.
ही उलटी होती.

दाव्यात परिच्छेद नऊ:
'सामाईक विहिरीवरील चाळीस फूट केबल
प्रतिवादीने रात्री कापून नेली.'
नऊ नंबर मला पाठ आहे.

मी गाठीकडे बघितलं.
मी बघतोय ते त्यानं बघितलं.
"धर की," म्हणाला, "तुझीच हाय."

टोकं दातानं सोलली.
"लाल आधी तुझ्या प्लसला, मग माझ्या. स्क्रूखाली पिळ.
निळी माझ्या मायनसला.
अन् तिचं दुसरं टोक बॅटरीला लावू नगं, ठिणगी उडती,
इंजिनच्या उघड्या लोखंडाला दाबून धर."
पिवळीला काम नव्हतं. ती लोंबत राहिली,
समन्स निघालेला साक्षीदार व्हरांड्यात बसून राहतो तशी.

बटण दाबायला तिसरा माणूस हवा होता.
बंदेनवाज मुल्ला, कोर्टाचा पट्टेवाला,
सकाळी आमची दोघांची नावं एका दमात पुकारणारा,
जेवणाचा डबा हँडलला अडकवून माझ्या सीटवर बसला.
हिंदुरावनं आपली गाडी सुरू केली, जरा रेस दिली.
"हं. दाब."

त्याच्या गाडीचा आवाज क्षणभर खोल गेला,
भरली बादली ओढताना दोर ताणतो तसा.
वायर माझ्या मुठीत कोमट झाली.
माझी गाडी खोकली,
परत खोकली,
लागली.

"पुढच्या तारखेला एकाच गाडीवर या,"
बंदेनवाज म्हणाला. कुणी हसलं नाही.
डबा घेऊन तो गेला.

सोडताना उलटं: आधी निळी, मग लाल.
हिंदुरावनं वायर कोपराभोवती गुंडाळली
आणि आपल्याच पिशवीत टाकली.
"गाव येईस्तवर बंद करू नगं.
लाइट लावू नगं. मी हाय मागं."

लेंगऱ्याच्या रस्त्याला दिवस मावळला.
मागून त्याचा उजेड येत होता,
पुढं डांबरावर माझी सावली,
खड्डा आला की मोडायची,
परत जुळायची.

विहिरीच्या वाटेला मी थांबलो, तो थांबला.
तो काहीतरी बोलला. पाळीचं असेल,
वायरीचं असेल, आणखी कशाचं.
दोन इंजिनांच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही
आणि गाडी तर बंद करायची नव्हती.

मी मान हलवली.
कशाला हो म्हणालो,
ते सतरा तारखेला कळेल.