गुरुवारी पाणी बंद

आदल्या रात्री भेटले तेव्हा
तुळशीराम पोकळे कॉटवर मांडी घालून
ओल्या कापसाने ओठ पुसत होते.
धायरीला चावीवाले. एकवीस वर्षं.
पहाटे चारला लांब पाना खांद्यावर,
या गल्लीला पाऊण तास, त्या गल्लीला अर्धा,
आणि स्वतःला दिवसाचं पाऊण लिटर,
गोळ्यांसकट, चहासकट.

फाइल चाळली. डायलिसिस आजच.
पोटॅशियम पाच पॉइंट एक. चालेल.
डाव्या मनगटावर बोट ठेवलं :
फिस्टुला घरघरत होता,
मोटार लागली की पाइप थरथरतो तसा.
पट्टीवर लिहिलं, या हाताला सुई नाही,
प्रेशरचा पट्टाही नाही.
"बारानंतर पाण्याचा थेंब नको," म्हटलं,
सवयीनं. मग ऐकू आलं, काय म्हटलं ते.
हसले. "तीन वर्षं झाली, मॅडम. नवं काहीतरी सांगा."

सकाळी शेजारच्या थिएटरात त्यांची बहीण,
भोरहून आलेली रंजना, कुशीवर झोपवलेली.
यांना मी हळू झोपवलं.
फेंटानिल, मग दुधाळ प्रोपोफॉल
जरा जरा, मॉनिटरचा अंदाज घेत.
स्नायू सैल पडायला अ‍ॅट्राक्युरिअम :
ते रक्तात आपलं आपण विरतं,
बंद किडनीच्या दारात ताटकळत नाही.
माणसांनीही असंच...
नाही, तसलं नको. औषध आहे, चांगलं आहे.

मानेतल्या शिरेतून पाणी सोडलं.
एक लिटर. दीड. दोन.
इतकं पाणी या माणसाला कुणी दिलं नव्हतं तीन वर्षांत,
आणि ते नेमके झोपेत.

बर्फातून किडनी आली, राखाडी, मुठीएवढी.
दोन शिवणी झाल्या.
"प्रेशर?"
"एकशे तीस."
"अजून थोडं."
दिलं.
क्लॅम्प निघाला आणि एका कडेनं
गुलाबी चढत गेली.

मग नुसतं थांबणं.
मॅनिटॉल गेलेलं, लॅसिक्स गेलेलं,
माझ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं.
सहा माणसं एका बारीक नळीच्या तोंडाकडे बघत,
अकरा मिनिटं.
शुक्रवारी पहाटे आमच्या बिबवेवाडीचा नळ
आधी खाकरतो, हवा सोडतो,
गप्प होतो, आपण बादली सरकवून उभे...
थेंब.
दुसरा थेंब.
मग धार.
सिस्टरनं फळ्यावर वेळ लिहिली, बारा चाळीस.
सर्जननं पुढचा टाका मागितला.

घशातली नळी काढताच पोकळे पुटपुटले,
"आज गुरुवार ना?
वॉल्व्ह उघडू नका रे. बंद आहे."

रिकव्हरीत रंजनानं माझी बाही धरली.
"मुतला का दादा?"
"हो. भरपूर."
तिनं डोळे मिटले. बऱ्याच वेळानं म्हणाली,
"मला घोटभर पाणी?"
मी घड्याळ पाहिलं. अजून दोन तास.
वाटीत कापूस भिजवला.