चौदा पॉइंट एक

उडवण्याआधी आन्ते काकांनी
बॅटरी तासभर कोटाच्या आत, काखेत धरली होती.
थंडीत तिचा धीर लवकर सुटतो, म्हणाले.

आता ड्रोन टेकडीपलीकडे,
चुकार रेनडिअर शोधतोय.
माझ्या हातातला रिमोट बोलतो:
पंधरा पॉइंट दोन.
चौदा पॉइंट आठ.
बाईचा आवाज, कुठल्या देशातली कोण जाणे,
फिनमार्कच्या बर्फाचं तिला काही नाही.

वर चढवलं की आकडा खचतो,
तरंगत ठेवलं की थोडा सावरतो.
"तो सावरलेला आकडा खरा मानू नकोस, रिस्टेन,"
काका म्हणाले. स्वतः मात्र
सकाळपासून छातीवरचा हात काढत नव्हते.

चौदा पॉइंट एक. वळवला.
जाताना पाठीशी होता तो वारा
येताना तोंडावर येणार,
हे मी धरलंच नव्हतं.

तेरा पॉइंट तीन.
चित्र गेलं. उरली फक्त ती बाई:
चौदा पॉइंट शून्य.
चौदा पॉइंट शून्य.

"टेकलाय कुठेतरी. धुगधुगी आहे."
आणि माझ्याआधी स्की बांधून काका निघालेही.

चढावर मधेच थांबायचे.
सावरायचे.
मागे न बघता पुन्हा निघायचे.