उणे सत्तेचाळीस

सकाळी सहाला याकुत्स्कचा रेडिओ सांगतो :
पाचवीपर्यंतच्या मुलांनी घरीच थांबावं.
म्हणजे आमची दोघंही.

मी फ्रिजवर कागद लावते.
आठला अंथरुणं. नऊला गणित.
दहाला काचेवरच्या बर्फात नखानं शुद्धलेखन –
हे क्युन्नेयनं मध्येच घुसडलंय, तिच्या तिरक्या अक्षरात.

अकराला सान्दाल ओला टॉवेल बाल्कनीत टांगतो.
मी दाराशी उभी. एक, दोन, तीन... बस, आत ये!
सातचा पाढा दोनदा होईतो
टॉवेल फळीसारखा ताठ.
त्याला कोपऱ्यात उभा करतात, हजेरी घेतात.
तो हळूहळू वाकतो, जमिनीवर बसतो.
"दमला बिचारा शाळेत," सान्दाल म्हणतो.

बाराला गोठलेला मासा. मी सुरीनं पातळ चकत्या काढते,
मीठ कुणाच्या बाजूला, यावरून भांडण.

कागद तीनला संपतो.
तेव्हाच बाहेर अंधारूही लागतं.

क्युन्नेय लोखंडी खोमुस दातांशी धरते,
तोच एक सूर, तोच, तोच,
मी ओरडणार इतक्यात
खालच्या धुक्यात ट्रक घरघरतो.
सूर थांबतो. तिघंही कान देतो.
नाही. आपला नाही.
त्याचा रस्ता गोठलेल्या नदीवरून जातो,
तिथं फोन लागत नाही. आज चौथा दिवस.

रात्री क्युन्नेय पेन घेऊन येते.
उद्याचा कागद?
उद्या शाळा असेल कदाचित, मी म्हणते.
"असू दे. तू लिही.
आम्ही गेल्यावर तू काय करशील, ते लिही."