ठेंगणं दार

समाजशास्त्र विभागाच्या डुगडुगत्या टेबलावर
तन्वीर चष्मा पुसतो.
चष्मा कसला, टांग्याच्या घोड्याला बांधतात तसली झापड.
आत एक गाव आहे,
भूकंपाआधीचं.
तलाठ्याची दप्तरं, लग्नांतले फोटो
आणि माझ्या दोन वर्षांच्या मुलाखती
यांच्यातून उभं केलेलं.

सिद्रामप्पा, रिटायर पोस्टमन,
औशाहून दुसऱ्या एसटीनं लातुरात आलेत,
डबा घेऊन.
"दिसूलालंय का?"
"दिसूलालंय की."
मग बराच वेळ काहीच नाही.
हात मात्र उजव्या खांद्यावर जातो,
नसलेल्या पिशवीचा पट्टा सारखा करतो.

आणि चालायला लागतात.
वायर सांभाळत तन्वीर मागे मागे.
मारुतीला वळसा, बिराजदारांचा कट्टा,
कासीमच्या गिरणीपाशी थांबून नाक ओढतात.
"पिठाचा वास न्हाई."
तक्रार नाही, नोंद.
मी लिहून घेते.

मग कपाट आणि खिडकीच्या मधोमध,
जिथं नुसती फरशी,
ते वाकतात.
पार कमरेतून. हात पुढे.
चंपाबाई कासारणीचं घर.
महिन्याला एक मनिऑर्डर, भिवंडीहून.

आमच्याकडे ते दार सहा फुटी आहे.
मोजलेलं कुणीच उरलं नव्हतं,
सॉफ्टवेअरनं सरासरी धरली.

माझ्या फॉर्मवर रकाना आहे:
स्मृतीची विश्वासार्हता, एक ते पाच.
पाठीच्या कण्यासाठी रकाना नाही.

"उंच केलाव तुम्ही," झापड काढत म्हणाले,
"वाकल्याबिगर तिच्या घरात
फौजदारसुदिक गेला न्हाई."

तन्वीरनं चाचरत विचारलं,
सगळं खोटं वाटलं का, काका?
त्यांनी डबा उघडला. भाकरी, शेंगाची चटणी.
"खोटं कसलं?
पुनर्वसनात सत्तेचाळीस नंबरात ऱ्हातो मी.
सायबानं आधी कागदावर काढलं समदं, पट्टीनं.
रस्ते सरळ, दारं सारखी.
मग आम्हाला आत सोडलं.
तीस वर्सं झाली बाबा,
नकाशातच चालूलालाव."

हसले. चटणी पुढे सरकवली.

जेवण झाल्यावर तन्वीरनं टेप काढला:
काका, परत एकदा वाका.
ते उठले. वाकून पाहिलं, सरळ झाले,
पुन्हा वाकले. कधी फार, कधी थोडे.
कपाटासमोर ते जमेचना.

"दार पायजे की समोर," म्हणाले,
आणि हात पुढे केला,
झापडीसाठी.