कंबर कसून

पाकिटातून काढलं तेव्हा वाटलं,
कुणा शाळकरी पोरीचं चुकून माझ्या पत्त्यावर आलंय.
एवढंसं. कातडीच्या रंगाचं,
म्हणजे त्यांच्या कातडीच्या.
ताणून सोडलं की परत होतं तसं,
हट्टी.

पलंगाच्या कडेला बसून एक पाय, मग दुसरा,
मांड्यांपाशी थांबून थोडा दम,
मग उभी राहून दोन उड्या,
पोटाला म्हटलं, चल बाबा, आत हो,
पाहुणे आलेत.
शिरीष खालून ओरडला, "काही पडलं का गं?"
"काही नाही, मीच."

वरून झगा. बाटलीसारखा हिरवा, बदामी ठिपक्यांचा,
एकोणीसशे पन्नासच्या धाटणीचा,
कंबरेला चिमूटभर आणि खाली घेरच घेर.
हॉस्पिसच्या दुकानात आठ पौंडांना घेतलेला,
तीन वर्षं नुसता टांगलेला,
कारण शेवटची चार बोटं चेन
माझ्या पाठीशी वैर धरून बसायची.
आज सरसर वर गेली.

आरशातल्या बाईला कंबर होती.
तिला मी ओळखत होते,
फक्त बावीस वर्षांत गाठ पडली नव्हती.

आई परकराची नाडी अशी आवळायची
की कमरेला तिच्या काळा वळ होता,
कायमचा, करदोट्यासारखा.
रात्री दिवा घालवला की नाडी सैल करून
ती तिथं खाजवायची, हळूहळू, डोळे मिटून.
तेवढं एक सुख तिच्याकडून
कुणी मागून घेतलं नाही.
मला वाटे, बाई झालं की ही रेघ
आपोआप उमटत असेल.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
झाकल्या पोटाचा भाव मला ठाऊक नाही,
पण मार्केट हार्बरोच्या त्या हॉलमध्ये
मी दारातून शिरले ती
पाठ ताठ, हनुवटी वर,
जणू बँड माझ्यासाठीच थांबला होता.
(बँड म्हणजे चार पेन्शनर. त्यातला एक ट्रम्पेटवर, दम लागलेला.)

बेरिलनं मला आधी पाहिलं.
चष्म्याच्या दुकानातली माझी गिऱ्हाईक,
त्र्याऐंशी वर्षांची, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
जवळ आली, विचारलंही नाही,
दोन बोटं टेकवली माझ्या कुशीला,
वैद्य नाडी बघतो तशी.
"इलॅस्टिक," म्हणाली. "शिवण बरी आहे.
माझ्या वेळेला आत पोलादी पट्ट्या घालत.
तू पुस्तकं बदलायला जातेस ना, ती इमारत,
तिथंच, मशीनवर, पंधराव्या वर्षापासून.
आठवड्याला किती कोर्सेटं, मोजणं सोडून दिलं."
"आणि तुम्ही स्वतः घालायचात?"
"दिवसभर वाकून बसायचं आणि वर ते? वेड लागलंय?"
मग चहाचा घोट घेऊन, दुसरीकडे बघत:
"शनिवारी मात्र घालायचो.
शनिवारी आम्ही सगळं घालायचो."

तीन नाच झाले. स्कोन अर्धाच गेला,
बाकीच्याला आत जागा नव्हती.
बाथरूममध्ये शेजारच्या कप्प्यात
कुणीतरी कण्हत होतं, मग फट्कन एक आवाज,
तो आवाज आता माझ्या ओळखीचा.
"जमतंय का?" मी फळीला विचारलं.
"अजून नाही, लव्ह. तुझं?"
दोघी इतक्या हसलो
की माझं होतं तेवढंही वर चढेना.

घरी येऊन ते रेडिएटरवर टाकलं.
तिथं पडलं मुकाट,
साबणाच्या चिपेएवढं.
माझ्या पोटावर लेसची नक्षी उठली होती,
पानंबिनं, वेल, अगदी रुखवतातल्यासारखी,
आणि कमरेशी एक आडवी लाल रेघ.
दिवा घालवला.
बोटं आपसूक तिथं गेली.

"दुखतंय का?" शिरीष म्हणाला अंधारात.
"नाही," म्हटलं. "थांब जरा.
बोलू नकोस."